पानाचे ओझे आणि वाचकाचा दोष

संकेतस्थळ उघडायला वेळ लागला की दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपण फार लवकर देऊन टाकतो. संगणक जुना झाला. फोन स्वस्तातला आहे. गावात रेंज नाही. कॅशे साफ करा. नवे यंत्र घ्या. या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान आहे. दोषी नेहमी वाचक असतो, किंवा वाचकाचे यंत्र. पान ज्याने रचले तो या चौकशीत साक्षीदार म्हणूनही हजर नसतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. चित्रांनी लादलेले पान ज्या न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, अडखळते त्या न्याहाळकाची तपासणी जरूर करावी. परंतु मराठी वाङ्मयीन पानांपुरते बोलायचे तर दोष पुष्कळदा पानाच्या रचनेत सापडतो. आणि पानाची रचना ही संपादनाची बाब असल्यामुळे तिचा जाब मराठीच्या अभ्यासकांनीच विचारला पाहिजे.

हा तंत्रज्ञांचा प्रांत आहे, त्यात साहित्याच्या प्राध्यापकांनी का पडावे, असा आक्षेप येईल याची आम्हांला कल्पना आहे. पण ग्रंथाचा कागद, टंकाचा आकार, समास, बांधणी यांचा विचार करणे हे संपादकाचेच काम आहे असे आपण आजवर मानत आलो. शाळेच्या दप्तराच्या ओझ्यावर तर आपल्याकडे वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले गेले. मग ज्या पानावर कविता, समीक्षा वा अभ्याससाहित्य ठेवायचे त्या पानाचे ओझे किती असावे, हा प्रश्न एकाएकी आपल्या कक्षेबाहेर कसा जातो?

आम्ही ज्या भागात शिकवतो तेथे हा प्रश्न सैद्धांतिक राहत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या एका अंगाला पश्चिम रेल्वेचा मार्ग, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र; दुसऱ्या अंगाला जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील डोंगराळ पाडे. एकाच वर्गात बोईसरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला मुलगा आणि जव्हारच्या बाजूने एसटीने आलेली मुलगी शेजारी बसतात. दोघांच्याही हाती बहुधा एकच साधन असते : कमी रॅमचा फोन, आणि त्यावर रोजचा मोजून मिळणारा डेटा. त्यांच्यासाठी वाचनालय, कोश आणि संदर्भग्रंथ हे सारे त्या चार बोटे रुंदीच्या काचेतूनच येते. ती काच गोठली की अभ्यास गोठतो.

आता काच गोठते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. पान उघडताना न्याहाळक ढोबळमानाने चार कामे करतो. तो पानाचा मजकूर, चित्रे व आज्ञावली दूरच्या संगणकावरून उतरवून घेतो. आवळून साठवलेली चित्रे उलगडतो. काय कोठे बसेल याची मांडणी करतो. आणि शेवटी ते सारे पडद्यावर रंगवतो. ‘नेट मंद आहे’ हे उत्तर यांपैकी केवळ पहिल्या कामाला लागू पडते. उरलेली तिन्ही कामे वाचकाच्या यंत्रातच होतात, आणि चित्रबहुल पानांत खरी अडचण अनेकदा तेथेच असते.

थोडा हिशेब करू. चार हजार गुणिले तीन हजार बिंदूंचे एक छायाचित्र घ्या. आजच्या कोणत्याही फोनच्या कॅमेऱ्यातून निघते तसे. साठवताना ते आवळून तीन-चार मेगाबाइटचे होते. परंतु पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडले की त्याच्या प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात. एक कोटी वीस लाख बिंदूंचे झाले ४८ मेगाबाइट. अशी पाच छायाचित्रे एका पानावर असली की सुमारे २४० मेगाबाइट स्मृती केवळ त्यांच्यासाठी हवी. दुसरीकडे फोनच्या पडद्याची रुंदी १०८० बिंदूंची असेल, तर ते चित्र तेथे मावताना जेमतेम पावणेनऊ लाख बिंदूंचे होते. म्हणजे चौदा बिंदू मागवले, एक दाखवला आणि तेरा टाकून दिले. काही न्याहाळक मोठे चित्र लहान आकारातच उलगडण्याची युक्ती करतात हे खरे, पण ते उतरवण्याचा खर्च त्या युक्तीने टळत नाही. तो खर्च वाचकाच्या डेटातून वजा होतो.

‘कॅशे साफ करा’ हा उपदेश या संदर्भात तपासण्यासारखा आहे. आता त्याला कर्मकांडाचे स्वरूप आले आहे. कॅशे म्हणजे एकदा उतरवलेल्या चित्रांची वाचकाच्या यंत्रातच ठेवलेली प्रत. ती बिघडली असेल, किंवा यंत्रात जागाच उरली नसेल, तर साफ करणे योग्य. एरवी ती पुसल्याने तीच जड चित्रे पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागतात आणि पान पुढच्या वेळी अधिकच सावकाश उघडते. रोगाचे कारण न शोधता दिलेले औषध ते हेच.

रोगाचे कारण शोधण्याची रीत आपल्याला परकी नाही. पाठचिकित्सा करताना आपण एकेक शक्यता बाजूला करत जातो : हा लेखनिकाचा प्रमाद, हा प्रक्षेप, हा मूळ पाठ. येथेही तसेच करावे. पान पूर्ण उतरल्यावर डेटा बंद करावा आणि पान वर-खाली सरकवून पाहावे. तरीही ते अडखळत असेल तर त्या अडखळण्याला नेट जबाबदार नाही. मग तेच पान खाजगी खिडकीत उघडावे. तेथे न्याहाळकाला जोडलेली बहुतेक एक्स्टेन्शने आपोआप बंद असतात. पान तेथे नीट चालले तर दोष त्या जोडण्यांचा. संगणकावर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की कोणता टॅब किती स्मृती खातो याची यादी दिसते. विनाकारण उघडे ठेवलेले वीस टॅब तेथे उघडे पडतात. सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन नावाची एक सोय असते. तिच्यामुळे रंगवण्याचे काम मुख्य प्रक्रियकाऐवजी चित्रांसाठीच्या वेगळ्या प्रक्रियकाकडे जाते. ती बंद असेल तर सुरू करावी; सुरू असूनही पडदा थरथरत असेल तर त्या प्रक्रियकाचा ड्रायव्हर जुना असण्याचा संभव असतो, अशा वेळी ती बंद करून फरक पाहावा. न्याहाळकाची आवृत्तीही तपासावी. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती; फेब्रुवारी २०२३ मधील ११० पासून त्या प्रणालीचा आधार काढून घेण्यात आला. ज्या संगणककक्षात अजून विंडोज ७ आहे तेथे क्रोम त्या वर्षीच थांबले आहे, आणि ती प्रणाली बदलणे ही विद्यार्थ्यांची नव्हे, संस्थेची जबाबदारी आहे.

इतके केल्यावर दुसरी संकेतस्थळे सुरळीत उघडतात आणि एकच पान अडून बसते, असे दिसले तर निवाडा झाला. संगणकावर एफ १२ ही कळ दाबावी, ‘नेटवर्क’ हे दालन उघडावे आणि पान ताजे करावे. त्या पानाने काय काय मागवले आणि प्रत्येकाचे वजन किती, याची जंत्री समोर येते. मराठीच्या प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विभागाच्या वा आपल्या आवडत्या नियतकालिकाच्या पानावर हा प्रयोग एकदा तरी करावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मजकूर काही किलोबाइटांचा आणि त्याभोवतीची आरास काही मेगाबाइटांची, असे प्रमाण सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

याहून गंभीर प्रकार म्हणजे मजकूरच चित्र करून ठेवणे. त्याला एक इतिहास आहे आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, परंतु सामान्य वाचकाच्या संगणकावर ती नीट उमटू लागण्यास बरीच वर्षे जावी लागली. दरम्यान प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानावर अक्षरांऐवजी चिन्हांचा चिवडा दिसे. त्या काळात कविता चित्ररूपाने देणे हा प्रामाणिक मार्ग होता. वाचकापर्यंत मराठी पोचावी म्हणूनच तो पत्करला गेला. आज साध्यातला साधा फोन युनिकोड मराठी दाखवतो. कारण गेले, पण सवय राहिली. दिवाळी अंकाचे पानच्या पान चित्र म्हणून चढवायचे, वर पाने उलटल्याचा आभास करणारी आज्ञावली जोडायची आणि त्याला डिजिटल अंक म्हणायचे. टिपणांची छायाचित्रे काढून त्यांची पीडीएफ करायची आणि त्याला अभ्याससाहित्य म्हणायचे, हे सर्रास चालते.

ए-४ आकाराचे एक पान तीनशे डीपीआयने स्कॅन केले की ते २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते. रंगीत स्वरूपात उलगडल्यावर सुमारे ३५ मेगाबाइट. त्या पानावर शब्द असतात तीनचारशे. तेवढेच शब्द युनिकोड मजकूर म्हणून ठेवले तर सात-आठ किलोबाइट पुरतात. मोठे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट धरूनही आमच्या अंदाजी हिशेबाने समग्र ज्ञानेश्वरी दोन-अडीच मेगाबाइटमध्ये बसते, आणि आवळली तर त्याच्याही पुष्कळ खाली येते. म्हणजे फोनने काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत अठरा अध्याय. पालघर तालुक्यातील केळवे-माहीमचे सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) यांनी ज्ञानेश्वरी सार्थ रूपात सामान्य वाचकाच्या हाती दिली. त्याच तालुक्यातील विद्यार्थ्याला आज एका अध्यायावरचे टिपण चाळीस मेगाबाइटच्या चित्रसंचातून मिळत असेल, तर आपण पुढे गेलो की मागे, याचा विचार करावा.

वजन हा त्यातला एक भाग झाला. चित्रात कोंडलेला मजकूर शोधता येत नाही. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या याच प्रदेशातील वारली चळवळीवरच्या पुस्तकावर एखादी विद्यार्थिनी प्रबंधिका लिहीत आहे असे समजा. त्यावरील समीक्षालेखांत ‘वेठ’ हा शब्द कोठे कोठे येतो हे तिला पाहायचे आहे. लेख मजकूर म्हणून असेल तर हे क्षणाचे काम. चित्र असेल तर ओळ न् ओळ डोळ्यांखाली घालावी लागेल. तिला अवतरण उतरवून घेता येणार नाही, अनोळखी शब्द कोशात टाकता येणार नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाईल. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तर त्या चित्रापुढे मुकेच होते. चित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आता पुष्कळ सुधारली आहेत हे मान्य. परंतु संपादकाने वाचवलेले श्रम प्रत्येक वाचकाने स्वतंत्रपणे करावेत, हा न्याय कोणता? याउलट मराठी विश्वकोशाचे खंड जालावर युनिकोड मजकूर म्हणून आले. त्यामुळे नोंद शोधता येते आणि साध्या फोनवरही ती उघडते. शासकीय प्रकल्पाला जे जमले ते वाङ्मयीन नियतकालिकांना अशक्य का असावे?

यावर सौंदर्याचा मुद्दा पुढे येतो. वाङ्मय म्हणजे केवळ माहिती नव्हे, त्याचे रूपही देखणे हवे, असे म्हटले जाते. मान्यच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली, आणि पुढे चित्रे हा त्या परंपरेचा अविभाज्य भाग होऊन बसला. चित्रांना आमचा विरोध नाही. विरोध आहे तो अनौचित्याला. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त अलंकारांविषयी जे सांगितले, त्याचा आशय आपण दरवर्षी वर्गात शिकवतो : कमरेचा पट्टा गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला घातला तर ते भूषण न राहता हसे होते. जो अलंकार कवितेला वाचकापर्यंत पोचूच देत नाही तो अलंकार कसा? आपोआप सरकणाऱ्या चित्रमालिका, पार्श्वभूमीला टांगलेले ध्वनिचित्रण, प्रत्येक मथळ्यासाठी वेगळा टंक, हा सारा संसार उतरेपर्यंत वाचक निघून गेलेला असतो.

आमच्या जिल्ह्याची कला या बाबतीत बरेच काही शिकवते. वारली चित्र म्हणजे गेरूने वा शेणमातीने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा. एवढ्या सामग्रीत लग्नाचा चौक, तारप्याभोवतीचे नृत्य, भातशेती, सारे जग उभे राहते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. संगणकाच्या भाषेत चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत प्रत्येक बिंदूचा रंग नोंदवला जातो. छायाचित्र असेच साठवतात. दुसऱ्या रीतीत ‘येथे वर्तुळ काढ, तेथे त्रिकोण काढ’ अशा आज्ञा नोंदवल्या जातात. एसव्हीजी हा त्याचा रूढ प्रकार. वारली शैलीचा साधा पट्टा दुसऱ्या रीतीने काही किलोबाइटांत मावतो आणि कितीही मोठा केला तरी फाटत नाही. तरीही वारली नक्षीचे मेगाबाइटभर वजनाचे छायाचित्र पानामागे पसरलेले आपल्याला दिसते. ज्या कलेचे सामर्थ्य काटकसरीत आहे तिचाच उपयोग उधळपट्टीसाठी व्हावा, ही विसंगती कोणाला खटकू नये? अर्थात म्हसे यांच्या मूळ चित्रातील हाताचा कंप, बांबूच्या काडीची जाडबारीक रेघ आज्ञांत सापडणार नाही. तिचा अभ्यास करायचा तर मोठे छायाचित्रच हवे. ते अवश्य द्यावे. पण वाचकाने मागितल्यावर, वजन सांगून, स्वतंत्र दुव्यावर.

शेवटचा आक्षेप काळाचा. नेट स्वस्त होत आहे, फोन वेगवान होत आहेत. थोडी कळ काढा, प्रश्न आपोआप सुटेल. हे आश्वासन जुने आहे. सॉफ्टवेअर जड होण्याचा वेग हा यंत्रे जलद होण्याच्या वेगापेक्षा अधिक असतो, अशा आशयाचे निरीक्षण संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच मांडले होते. आपल्याकडे २०१६ पासून डेटा स्वस्त झाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी आले. याच काळात पानेही फुगली. एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या मोजणीत २०२४ साली मोबाइलसाठीच्या पानाचे मध्यक वजन दोन मेगाबाइटच्या वर होते. दशकापूर्वी ते एक मेगाबाइटच्याही आत होते. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, हे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकाठी राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. शिवाय गेल्या दशकाच्या अखेरीस क्रोममध्ये डेटा वाचवणारी ‘लाइट मोड’ ही सोय होती. मार्च २०२२ मध्ये तीही काढून टाकण्यात आली. कंपन्यांनी वाचकाच्या हातातले एक साधन काढून घेतले असताना संपादकांची जबाबदारी वाढते.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मराठी विभागांनी आपले अभ्याससाहित्य युनिकोड मजकूर म्हणून द्यावे. स्कॅन द्यायचेच असेल तर मूळ प्रतीचा पुरावा म्हणून, मजकुराच्या जोडीला. नियतकालिकांनी चित्र पडद्याच्या मापाला आणून मगच चढवावे, वेबपीसारखे हलके स्वरूप वापरावे, आणि वाचक खाली सरकेल तसे पुढचे चित्र उतरेल अशी सोय करावी. ही सोय न्याहाळकांत उपलब्ध आहे आणि तिला स्वतंत्र पैसे पडत नाहीत. अंक प्रसिद्ध करण्यापूर्वी संपादकाने तो कार्यालयातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, एकदा उघडून पाहावा. मुद्रितशोधनाइतकेच हेही संपादनाचे अंग मानावे. आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात जेथे संपादन व मुद्रितशोधन शिकवले जाते तेथे पानाचे वजन मोजणे शिकवावे. एका तासिकेत ते शिकवून होते.

प्रस्तुत लेख सुमारे दोन हजार शब्दांचा आहे. मजकूर म्हणून त्याचे वजन चाळीस किलोबाइटच्या आसपास, आणि आवळून पाठवल्यास दहाबारा. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर, रेंजची एकच काडी असतानाही, तो वाचता यावा. यात जे पटले नाही त्याचा प्रतिवाद जरूर करावा. मात्र तो चित्र काढून पाठवू नये, ही विनंती.